रिपोर्टमध्ये पीएसए वाढलेला आला, तर पुढे काय?

जीवरसायन

पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या 'फुल बॉडी चेकअप'मध्ये पीएसए ही रक्ततपासणी आता सर्रास असते. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या खाली तिची एक ओळ येते आणि आकडा ४ च्या वर गेला की तो ठळक अक्षरांत छापला जातो. तपासणी करण्यापूर्वी तिचा अर्थ बहुधा कोणी सांगितलेला नसतो. रिपोर्ट रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि घरातल्यांची झोप उडते. याउलट ३.८ आकडा पाहून निर्धास्त होणारे आणि लघवीच्या तक्रारी तशाच अंगावर काढणारेही पुष्कळ आहेत. मी अनेक वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले आहे. रुग्णांवर उपचार करणे हे माझे क्षेत्र नाही, पण ही चाचणी नेमके काय मोजते हे नीट सांगता येईल आणि येथील डॉक्टर सभासद पुढची बाजू सांगतील, या अपेक्षेने हा धागा काढत आहे.

पीएसए म्हणजे 'प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन'. पौरुषग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात ते हे एक प्रथिन आहे आणि वीर्य पातळ करणे हे त्याचे नैसर्गिक काम आहे. त्यामुळे निरोगी ग्रंथीही ते तयार करते, वयाप्रमाणे वाढलेली ग्रंथी अधिक करते आणि कर्करोग झालेली ग्रंथीही करते. वीर्यात त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा प्रचंड जास्त असते. ग्रंथीची आतली रचना कोणत्याही कारणाने विस्कटली, की ते रक्तात अधिक झिरपू लागते आणि आपण मोजतो ते हे झिरपलेले प्रमाण. या प्रथिनाचा संबंध ग्रंथीशी आहे, कर्करोगाशी थेट नाही, आणि चाचणीभोवतीचे बहुतेक घोळ येथूनच सुरू होतात.

आकडा वाढण्याची साधी कारणे अनेक आहेत. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग असेल, ग्रंथीला सूज असेल, लघवी तुंबून नळी घालावी लागली असेल, तर पीएसए कित्येक पटींनी वाढू शकतो आणि पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. तपासणीआधीच्या दोन दिवसांत वीर्यस्खलन झाले असेल किंवा सायकलवर लांबचा पल्ला मारला असेल, तरी आकडा थोडा वर सरकतो. बायोप्सीनंतर, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासल्यानंतर, तर किमान सहा आठवडे ही तपासणी करूच नये. उलट, स्थूल व्यक्तीच्या शरीरात रक्तद्रवाचे आकारमान जास्त असल्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

आता ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या मर्यादेविषयी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पीएसए चाचणीला १९८६ साली मान्यता दिली, ती कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. पन्नाशीपुढच्या पुरुषांत, गुदद्वारातून बोटाने केलेल्या ग्रंथीच्या तपासणीबरोबर, रोग शोधण्यासाठी साहाय्यक म्हणून तिला मान्यता मिळाली ती १९९४ साली. सुरुवातीच्या काळात निरोगी मानलेल्या पुरुषांच्या मोजमापांवरून ४ ही रेषा आखली गेली. तिच्या एका बाजूला आजार आणि दुसऱ्या बाजूला आरोग्य, अशी निसर्गात कुठलीही रेषा नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांचा पीएसए सात वर्षांत एकदाही ४ च्या वर गेला नव्हता अशा २,९५० पुरुषांची बायोप्सी करण्यात आली. त्यांतील सुमारे १५ टक्के पुरुषांत कर्करोग सापडला. आकडा ०.५ पर्यंत असलेल्यांतही ६.६ टक्के होते आणि ३.१ ते ४ या गटात जवळपास २७ टक्के. दुसरीकडे, ४ ते १० या पट्ट्यातल्या पुरुषांची बायोप्सी केली, तर साधारण चारांपैकी तिघांत कर्करोग सापडत नाही.

वयाचा विचारही हवा. १९९३ मध्ये मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या वयानुरूप मर्यादा अशा आहेत: चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि सत्तरीत ६.५. म्हणजे पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाचा ३.६ हा आकडा बहात्तर वर्षांच्या पुरुषाच्या ५ पेक्षा अधिक लक्ष देण्याजोगा असू शकतो, पण रिपोर्टमध्ये ठळक छापला जातो तो ५.

म्हणून आकडा वाढलेला आला, तर पहिली पायरी म्हणजे संसर्ग नाही ना याची खात्री करून काही आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा मोजणे. त्याच प्रयोगशाळेचा आग्रह अशासाठी की वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे वेगवेगळ्या मानकांवर जुळवलेली असतात. एकाच नमुन्याचे आकडे दोन मानकांवर सुमारे वीस टक्क्यांनी वेगळे येऊ शकतात; एका ठिकाणी ४.४ आणि दुसऱ्या ठिकाणी ३.६ आले, तर आजार कमी झाला असा त्याचा अर्थ होत नाही. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांत काही यंत्रांवर पीएसए खोटाच कमी येतो. रक्त देताना ते आवर्जून सांगावे.

कृष्णाकाठ

सर, धागा अगदी वेळेवर आला. माझे वडील ६८ वर्षांचे आहेत आणि सांगलीजवळ राहतात. दीड वर्षापूर्वी रात्री चार-पाच वेळा उठावे लागत होते म्हणून तपासणी केली, तेव्हा पीएसए ५.४ होता. सोनोग्राफीत ग्रंथी ४५ मिलिलिटर, म्हणजे वाढलेली दिसली. डॉक्टरांनी टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली गोळी सुरू केली. त्रास पुष्कळ कमी झाला. मागच्या आठवड्यात पुन्हा पीएसए केला तो ३.६ आला आणि रिपोर्टवर 'सामान्य मर्यादेत' असे लिहिलेले आहे. घरात सगळे आनंदात आहेत आणि बाबा म्हणतात, आता डॉक्टरांकडे जायचे कारण नाही. आम्ही निश्चिंत राहावे का?

शल्यविशारद_मू

ताई, बाबांना डॉक्टरांकडे अवश्य घेऊन जा. घाबरण्यासारखे काही घडलेले नाही, पण हा आकडा जसा छापला आहे तसा वाचायचा नाही.

ड्युटास्टेराइड आणि फिनास्टेराइड ही औषधे ग्रंथी लहान करतात आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. म्हणून ही औषधे घेणाऱ्या रुग्णाचा आकडा आम्ही दुप्पट करून वाचतो. तुमच्या वडिलांचा ३.६ हा मूळ मापात सुमारे ७.२ होतो. दुसऱ्या तऱ्हेने पाहा: ५.४ चा निम्मा २.७ होतो. तिथपर्यंत आकडा उतरायला हवा होता, तो ३.६ वर थांबला आहे, किंवा मध्यंतरी खाली जाऊन पुन्हा वर येत आहे. प्रयोगशाळेच्या संगणकाला रुग्ण कोणती गोळी घेतो हे माहीत नसते. तो फक्त ४ शी तुलना करून 'सामान्य' छापतो.

याची कारणे साधीही असू शकतात. गोळी रोज घेतली जाते का, हे प्रथम विचारा. बरे वाटले की ती एक दिवसाआड घेण्याकडे वडीलधाऱ्यांचा कल असतो आणि मग पीएसए पुरेसा उतरत नाही. दोन्ही वेळा प्रयोगशाळा एकच होती का, तेही पाहा. मात्र गोळी नियमित असेल आणि फेरतपासणीत आकडा तसाच राहिला किंवा वाढला, तर बोटाने तपासणी आणि एमआरआय हे पुढचे टप्पे असतील. जुने सर्व रिपोर्ट आणि गोळीची पट्टी बरोबर न्या. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

येथे एक जोड देतो. टक्कल कमी व्हावे म्हणून जी फिनास्टेराइडची लहान मात्रा दिली जाते, तिनेही पीएसए उतरतो. पन्नाशीतले पुरुष ती त्वचारोगतज्ज्ञांकडून घेतात आणि मूत्ररोगतज्ज्ञांना सांगायचे राहून जाते.

कृष्णाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. मी आत्ताच आईला फोन केला. ती म्हणाली की दिवाळीपासून बाबा गोळी 'लागेल तशी' घेतात. भेटीची वेळ घेतली आहे.

तर्कनिष्ठ

धाग्यातली माहिती उत्तम आहे. परंतु त्याहून मूलभूत प्रश्न राहून जातो, तो असा की लक्षणे नसलेल्या पुरुषाने ही तपासणी करावीच का? १९७० साली प्रोस्टेटमधील प्रतिजनाविषयी संशोधन प्रसिद्ध करणारे रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच पुढे सरसकट पीएसए तपासणीवर अत्यंत कठोर टीका केली. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२ मध्ये ही चाळणी तपासणी करू नये अशीच शिफारस केली होती. २०१८ मध्ये ती सौम्य करून ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून वैयक्तिक निर्णय घ्यावा असे म्हटले, तरी सत्तरीपुढे नको हे मत कायम ठेवले.

कारण स्पष्ट आहे. प्रोस्टेटचा कर्करोग अनेकदा इतका संथ असतो की माणूस त्याच्यासह जगतो आणि दुसऱ्याच कारणाने जातो. असा रोग शोधून काढला, की शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार होतात आणि त्यांतून लघवीवरचा ताबा सुटणे, लैंगिक क्षमता जाणे हे परिणाम आयुष्यभर सोबत राहतात. ज्याला कधीच त्रास झाला नसता, त्याला आपण रुग्ण बनवतो. पॅकेज विकणाऱ्यांनी हे ग्राहकाला सांगितल्याचे मी कधी पाहिलेले नाही.

जीवरसायन

तर्कनिष्ठ, पॅकेजविषयी आपण म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. संमती न घेता ही तपासणी उरकून टाकणे अयोग्यच आहे. मात्र त्यावरून तपासणीच व्यर्थ ठरते, हे मला पटत नाही, आणि याबाबत आता दीर्घकाळाचा पुरावा हाती आहे.

युरोपातील आठ देशांत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत ५५ ते ६९ वयोगटातील सुमारे एक लाख बासष्ट हजार पुरुष होते. तिचे २३ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. ४५६ पुरुषांना बोलावले, तर एक मृत्यू टळला; आणि जास्तीची बारा निदाने झाली, तेव्हा एक मृत्यू टळला. हा लाभ मोठा आहे असे मी म्हणणार नाही, पण तो खरा आहे. आणि त्या बारांतील उरलेल्या अकरांचे काय, हा आपला प्रश्नही तितकाच खरा आहे.

त्याचे उत्तर उपचारांच्या बाजूने मिळते. ब्रिटनमधील एका चाचणीत पीएसएवरून कर्करोग सापडलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले गेले: सक्रिय देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिन्ही गटांत मिळून या रोगाने दगावलेले तीन टक्क्यांहून कमी होते आणि गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते हे नमूद करायला हवे. तरीही, कमी जोखमीचा कर्करोग सापडला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, हे समीकरण आता राहिलेले नाही. नियमित पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी करत थांबणे, हा मान्यताप्राप्त मार्ग आहे. शोध आणि उपचार यांची गाठ सोडवली, तर चाचणीमुळे होणारी हानी बरीच कमी होते.

शिवाय आपल्याकडचे चित्र पाश्चात्त्य देशांहून वेगळे आहे. तिकडे अतिनिदानाची चर्चा होते, कारण तिथे कोट्यवधी पुरुषांची तपासणी झाली. आपल्याकडे शहरात पॅकेजमुळे अनावश्यक तपासण्या होतात आणि त्याच वेळी तालुक्याच्या गावातला माणूस कंबरदुखीसाठी महिनोन्महिने मलम चोळत राहतो. कर्करोग मणक्यात पोहोचल्यावर मोठ्या रुग्णालयात येणारे असे रुग्ण आपल्याकडे आजही पुष्कळ असतात. 'तपासणी करू नका' हा एकच संदेश या दोघांनाही देणे मला धोक्याचे वाटते.

शल्यविशारद_मू

वरील मुद्द्याला जोडून: पूर्वी पीएसए वाढला की थेट बायोप्सी होत असे. आता मध्ये काही गाळण्या आहेत आणि रुग्णाने त्यांविषयी विचारले पाहिजे.

पहिली म्हणजे पीएसएची घनता. आकड्याला ग्रंथीच्या आकारमानाने भागायचे. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० मिलिलिटर असेल तर घनता ०.१०, तोच ६ आकडा ३० मिलिलिटरच्या ग्रंथीत असेल तर ०.२०. साधारण ०.१५ च्या वर आम्ही अधिक सावध होतो. यासाठी सोनोग्राफी पुरते, वेगळा खर्च नसतो, तरी हे गणित केलेले मला फार कमी फायलींत दिसते.

दुसरी म्हणजे मुक्त पीएसए. रक्तातील बहुतांश पीएसए दुसऱ्या प्रथिनाला चिकटलेला असतो आणि काही मोकळा असतो. कर्करोगात मोकळ्याचे प्रमाण घटते. एकूण पीएसए ४ ते १० असताना मुक्त भाग १० टक्क्यांहून कमी असेल, तर कर्करोगाची शक्यता निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के. २५ टक्क्यांहून जास्त असेल, तर ती सुमारे ८ टक्के. एकूण आकडा १० च्या वर किंवा ४ च्या खाली असताना या प्रमाणाचा फारसा उपयोग नाही, तरी ते पॅकेजमध्ये सरसकट विकले जाते.

तिसरी आणि आज सर्वांत महत्त्वाची गाळणी म्हणजे बायोप्सीपूर्वीचा एमआरआय. २०१७ आणि २०१८ मधील दोन ब्रिटिश नेतृत्वाखालील अभ्यासांनी हे दाखवून दिले, की आधी एमआरआय केला तर अनेकांची बायोप्सी टळते, निरुपद्रवी कर्करोग कमी सापडतात आणि उपचारांची गरज असलेले अधिक अचूक सापडतात.

आणि एक विनंती. संसर्गाचा पुरावा नसताना केवळ पीएसए उतरावा म्हणून प्रतिजैविकांचा कोर्स घेऊ नका. ही पद्धत अजून चालते. आकडा अनेकदा आपोआप खाली येतो आणि श्रेय गोळ्यांना मिळते.

पाऊलवाट

माझी प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. येथे निदानाविषयी बरेच लिहिले गेले, म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पीएसएविषयी लिहितो, कारण आमच्यासारख्यांच्या आयुष्यात तोच आकडा केंद्रस्थानी येऊन बसतो.

ग्रंथीच नसल्यामुळे पीएसए जवळजवळ शून्य व्हायला हवा. रक्तातील त्याचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी निम्मे होत जाते, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी पहिली तपासणी करतात. पुढे कधी तो ०.२ पर्यंत पोहोचला आणि फेरतपासणीतही टिकला, तर रोग परतल्याचे मानतात. किरणोपचार घेतलेल्यांचा हिशेब वेगळा आहे: त्यांची ग्रंथी शरीरात असते, आकडा सावकाश उतरतो आणि नीचांकापेक्षा २ ने वाढला तर रोग परतला असे समजतात. माझ्या एका स्नेह्यांनी किरणोपचारांनंतरचा स्वतःचा ०.६ माझ्या मापाने वाचला आणि ते खचून गेले. दोन उपचारांची मापे वेगळी आहेत हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे.

प्रत्येक तपासणीच्या आधीचे दिवस जड जातात. घरच्यांनी 'काही होत नाही' असे म्हणण्यापेक्षा रक्त द्यायला सोबत यावे. त्याने मला फार आधार मिळाला.

नवी_पालवी

पीएसएपेक्षा नेमक्या रक्तचाचण्या निघाल्या आहेत असे वाचते. त्यांविषयी कोणी सांगेल का? 'रक्ताच्या एका थेंबात सगळे कर्करोग' अशा जाहिरातीही येतात.

जीवरसायन

तीन नावे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. प्रोस्टेट हेल्थ इंडेक्स, म्हणजे पीएचआय, यात एकूण पीएसए, मुक्त पीएसए आणि मुक्त पीएसएचाच एक विशिष्ट प्रकार यांचे गणित असते. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. फोर-के स्कोअरमध्ये चार संबंधित प्रथिने मोजून त्यांना वय आणि आधीच्या बायोप्सीची माहिती जोडतात. स्वीडनमधील स्टॉकहोम-थ्री चाचणीत प्रथिनांबरोबर जनुकीय खुणाही पाहतात. तिघांचा उद्देश एकच आहे: पीएसए वाढलेल्यांपैकी कोणाला गंभीर कर्करोग असण्याची शक्यता आहे हे वेगळे काढणे. म्हणजे त्या पीएसएच्या पुढच्या पायरीवर येतात. जिथे चांगला एमआरआय आणि तो वाचणारा अनुभवी तज्ज्ञ उपलब्ध आहे, तिथे त्यांची गरज मर्यादित राहते.

एका थेंबाच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. साधा पीएसए नीट वाचला, तर त्यातूनच किती कळते पाहा. स्वीडनमधील माल्मो येथे १९८१ पासून साठवून ठेवलेल्या रक्ताच्या अभ्यासात असे दिसले, की साठाव्या वर्षी ज्यांचा पीएसए १ किंवा त्याहून कमी होता, त्यांना ८५ वर्षांपर्यंत या कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता केवळ ०.२ टक्के होती. अशा माणसाला दरवर्षी तपासणी करायला लावण्यात काहीच अर्थ नाही.

घाटवाट

दोन प्रश्न. माझ्या आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता. मी ४४ वर्षांचा आहे. माझ्यासाठी काही वेगळे आहे का? आणि माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत, त्यांची तपासणी मुलाने दरवर्षी चालू ठेवली आहे. ती थांबवावी का?

शल्यविशारद_मू

आपल्यासाठी वेगळे आहे. बीआरसीए-२ या जनुकातील दोष स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाप्रमाणे प्रोस्टेटच्या आक्रमक कर्करोगाचीही जोखीम वाढवतो आणि तो आईकडून मुलाकडे येऊ शकतो. पुरुष बहुधा फक्त वडिलांकडचा इतिहास सांगतात. आई आणि मावशी हयात असतील तर त्यांच्यापैकी एकीची जनुकीय तपासणी आधी करणे सर्वांत उपयोगी ठरते. त्यासाठी जनुकीय समुपदेशकांना भेटा. दोष निघाला, तर आपला पीएसए चाळिशीतच सुरू होईल आणि दरवर्षी होईल.

सासऱ्यांना त्रास नसेल तर तपासणी थांबवणे योग्य आहे. या वयात सापडणारा संथ रोग त्यांना त्रास देण्याची शक्यता कमी असते आणि बायोप्सीचा त्रास मात्र लगेच होतो. पण हे लक्षणे नसतानाचे झाले. कंबरेत किंवा मांडीच्या हाडात सतत, रात्री वाढणारे दुखणे सुरू झाले, लघवीत रक्त दिसले किंवा कारणाशिवाय वजन घटले, तर वय कितीही असो, पीएसए करून घ्यावा. आणि पाठदुखीबरोबर पायांतली ताकद कमी होऊ लागली, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण मज्जारज्जूवर दाब आला असेल तर चालणे वाचवायला हातात फार थोडे तास असतात.